मिठाचे पोते

“पहिलं पाणी सिदूचं,” तात्या म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देत विहिरीच्या काठावरून उठले.

घोलपांच्या इंजिनाने नुकताच सूर धरला होता. पाण्याची जाड धार सिमेंटच्या लांब डोणीत पडत होती. बाभळीच्या कुंपणाबाहेर आमची चार खांडे उन्हात माना खाली घालून उभी होती. तात्यांचे, सोमामामांचे, सिदूचे आणि माझे. माझे खांड सर्वांत मोठे, एकशे चाळीस मेंढ्यांचे. सिदूच्या मेंढ्या जेमतेम साठ.

“तात्या,” मी म्हणालो, “माझ्या तीस मेंढ्या नुकत्या व्यालेल्या हायत. कालबी त्यांच्या वाट्याला गाळच आला.”

“ज्यानं पाणी मागितलं त्याचं पहिलं पाणी. ही रीत आजची हाय का?”

“न्हाय.”

“मग झालं तर.”

सिदूने कुंपणाची फांदी बाजूला ओढली आणि टाळ्याला जीभ लावून बारीकसा आवाज काढला. कपाळावर पांढरा टिळा असलेली त्याची म्होरकी मेंढी, चांदी, पुढे आली. तिच्यामागून नऊ. बाकीच्या पन्नास जागच्या हलल्या नाहीत. दहा प्यायल्या, डोणीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडल्या, मग पुढच्या दहा. पाण्यात एकीचाही खूर पडला नाही.

निंबाखाली उभ्या असलेल्या ज्ञानू घोलपांनी तोंडातली काडी काढली. “आमच्या शाळेत मास्तर आहे, छडी आहे, तरी अशी रांग लागत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या बायकोने, शेवंताक्काने, चहाचा पेला सिदूच्या हातात दिला. मी तिथून पाच हातांवर उभा होतो.

सिदू माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचे वडील लवकर गेले तेव्हा तात्यांनी त्याला वाढवले आणि मेंढ्या राखायला मी शिकवले. टाळ्याला जीभ लावून काढायचा तो आवाजही माझाच. माझ्या मेंढ्या त्या आवाजाला कधी थांबल्या नाहीत, त्याच्या थांबत. हे मी त्या काळी कोणापुढे बोललो नसतो.

पाऊस सलग दोन वर्षे हुकला होता. कोकणातून घाट चढून आम्ही माणदेशाकडे परतत होतो. वाटेवरचे पाझर तलाव कोरडे होते, आणि जिथे पाणी होते तिथे गावाचे हंडे रांगेत उभे होते. घाटमाथ्यापासून आमच्या वाडीपर्यंतच्या वाटेत मेंढ्या पाजण्याजोगे पाणी एकट्या हिवरमाळात, घोलपांच्या विहिरीत उरले होते. घोलपांशी बोलणे ठरले होते ते असे : पाच रात्री मेंढ्या त्यांच्या रानात बसवायच्या, लेंड्या-मुताचे खत त्यांना, आणि रोज सकाळी एक वेळ पाणी आम्हाला. विहिरीचा झरा बारीक होता. रात्रभरात जेवढे पाणी साठे, तेवढेच सकाळी इंजिन ओढी. चौथ्या खांडापर्यंत डोणीत फेस आणि चिखल उरे.

हे पाणी सिदूने मागून आणले होते.

आमच्या वाड्यात, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या आमच्या बिऱ्हाडांत, पाणी मागायला जाण्याची एक पद्धत होती. काठी बिऱ्हाडावर ठेवायची, वहाणा गावाच्या वेशीत काढायच्या, घोंगडी घडी करून खांद्यावर टाकायची आणि विहिरीच्या धन्यासमोर जमिनीवर बसायचे. धनी बोलेपर्यंत आपण बोलायचे नाही. वाड्याचे कारभारी म्हणून तीस वर्षे तात्या असे गेले. गुडघे धरले तेव्हा त्यांनी एकदा मला पाठवले होते. मी काठी घेऊन गेलो. त्या गावच्या तळ्यावर पाटील उभा होता, त्याला म्हणालो, “तळं सरकारनं बांधलंय. सरकार तुमचं तसं आमचं बी हाय. पाण्यावर आमचा बी हक्क हाय.”

पाटील शांतपणे म्हणाला, “मग सरकारला घेऊन या, पावणं. ते पाजील.”

त्या दिवशी आमची मेंढरे तहानलेली पुढे गेली. रात्री भाकरी खाताना तात्या एवढेच म्हणाले, “तू बोललास ते खोटं न्हवतं, माया. पण खऱ्यानं डोण भरत न्हाय.” दुसऱ्या गावी त्यांनी सिदूला पाठवले. सिदू हसत परत आला आणि मागून दोन माणसे आम्हाला पाण्याची वाट दाखवायला आली. तेव्हापासून तोच जाई, आणि पहिले पाणी त्याचे असे.

हिवरमाळात त्या सकाळी माझ्या मेंढ्या पुन्हा गाळच प्यायल्या. कोकरे तोंडाचा चिखल झाडत मागे सरली. माझी बायको ठकू एका कोकराचे तोंड पदराने पुसत होती.

“सिदूभावजींच्या कोकरांची पोटं बगा, कशी टम्म,” ती म्हणाली. “आपली माती चाटत्यात. तुमी थोरलं म्हणायचं ते कशानं? दाढी पांढरी झाली म्हणून?”

“गप बस.”

“म्या गप बसीन. कोकरू गप बसायचं न्हाय.”

दुपारी आम्ही घोलपांच्या रानात वाघर लावत होतो. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती रात्री उभे करायचे दोरीचे जाळे. मी डावखुरा, त्यामुळे माझी गाठ उलट्या अंगाने बसते. सोमामामा ती सोडायला गेले आणि नखे मोडून घेतली.

“मायाची गाठ हाय ती,” तात्या हसले. “देवाला बी सुटायची न्हाय. तोच डाव्या हातानं एक हिसका दील, तवा सुटंल.”

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता तात्यांनी जे सांगितले, ते असे : “ऐका. आता माझ्यानं हुत न्हाय. बिरोबाच्या जत्रंला पोचलो की कारभार सिदूकडं. मिठाचं पोतं आजपासनं त्येच्या घोड्यावर.”

आमच्या वाड्यात कारभाऱ्याला पटका नसे, शिक्का नसे. त्याच्याजवळ मिठाचे पोते असे, एवढीच त्याची खूण. मेंढ्यांना आठवड्यातून एकदा मीठ चारायचे, तेही कारभाऱ्याच्या शब्दावर आणि पाणी समोर असताना. मीठ खाल्लेल्या मेंढीला पाण्यावाचून ठेवू नये, हे आमच्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे.

सिदू उठला नाही. तात्यांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, “मायादा थोरलं हायत, तात्या.”

“म्या वयं मोजाय सांगितलं न्हाय,” तात्या म्हणाले.

त्याने माझे नाव घेतले नसते तर बरे झाले असते. जे आपले होते ते दुसऱ्याने आपल्याला देऊ करावे, याचा राग फार खोल जातो.

पोते सिदूच्या घोड्याशेजारी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर घोलपांचा माणूस निरोप घेऊन आला. गावात बोलाचाली सुरू होती. टँकर आठ-आठ दिवस येत नाही, शेवंताक्काच्या विहिरीवर अर्धी आळी पाणी भरते, आणि घोलप ते धनगरांच्या मेंढरांना पाजतो. पंचांनी घोलपांना चावडीवर बोलावले होते; घोलपांनी सिदूला यायला सांगितले होते.

सिदूने काठी ठेवली. घोंगडीची घडी केली. मग माझ्याकडे आला.

“मायादा, माझं खांड तुज्या खांडाबरुबर टेकडीवर नेशील? चांदी तुझं ऐकती.”

“नेतो.”

“काय हुईल रं तिथं?”

“तुला काय हुतंय,” मी म्हणालो. “तू बोललास की दगडाला पाझर फुटतो.”

ते टोमणा म्हणून बोललो होतो. त्याने ते धीर म्हणून घेतले, हसला आणि वेशीकडे निघाला.

खांडे टेकडीच्या पायथ्याशी लावून मी बिऱ्हाडावर परत आलो. बायका जळण गोळा करायला ओढ्याकडे गेल्या होत्या. तात्या निंबाखाली डोळ्यांवर पटका घेऊन पडले होते. मी सिदूच्या घोड्यापाशी बसलो, पोते सोडले आणि घोंगडीच्या खोळीत पाच ओंजळी मीठ घेतले. पोत्याचे तोंड पुन्हा बांधले. कशासाठी घेतो आहे, हे मी स्वतःला एका वाक्यात सांगितले होते : उद्या सकाळी त्याच्या साठ मेंढ्या डोणीवर तुटून पडतील, एकमेकींच्या पाठीवर चढतील, पाण्यात खूर घालतील आणि घोलपांना दिसेल की हीही मेंढरेच आहेत. त्यापलीकडे मी पाहिले नाही.

टेकडीवर एक सपाट खडक होता. माझ्या मेंढ्या मी ओढ्याच्या अंगाला हाकलल्या आणि सिदूच्या मेंढ्या खडकावर आणल्या. मीठ पसरले. त्या आधी घुटमळल्या, कारण ती मिठाची वेळ नव्हती. मग चांदी पुढे आली. खडकावरचे सोडून तिने आधी माझ्या तळहाताला चिकटलेले कण चाटले. तिची खरखरीत, कोमट जीभ बोटांच्या बेचक्यांतून फिरली. चांदी जन्मली तेव्हा तिच्या नाकातला चिकटा मीच पुसला होता.

खडक चाटून पुसून झाला तेव्हा त्यावर ओलसर डागांपलीकडे काही उरले नव्हते.

ऊन कलताना सिदू आला. दुरूनच हात हलवत होता. बिऱ्हाडापाशी येताच तो तात्यांच्या पायांशी बसला.

“सांग की,” तात्या म्हणाले. “हाकलत्यात का?”

“न्हाय तात्या. लिवून देत्यात.”

“काय लिवून देत्यात?”

“ठराव. सरपंच म्हणालं, दरसालच्या ह्या तंट्यापरास एकदा वहीत लिवून टाकू. दर चैत्रात आपल्या वाड्यानं पाच दिस इथं उतरायचं, घोलपांचं आन् शेजारची दोन रानं बसवायची, आन् गावानं आपल्याला पाणी द्यायचं. म्हातारा कारभारी गेला, पोरगा आला, तरी बी. वाड्याचं नाव वहीत, तात्या. आपलं नाव.”

सोमामामांनी हातातली चिलीम खाली ठेवली. तात्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला. त्यांच्या बापजाद्यांचे नाव मतदारयादीतही धड लागलेले नव्हते. सातबाऱ्यावर, विहिरीवर, तळ्यावर कुठेही नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“माया,” ते म्हणाले, “तू म्हणायचास त्यो हक्क ह्योच का रं?”

मी मान डोलावली. तो शब्द माझा होता. तो मी मागितला तेव्हा हसे झाले, आणि सिदूने न मागता तो वहीत लिहून आणला.

“एक अट हाय,” सिदू म्हणाला. “दोन पंच म्हणत होते, शेकडो मेंढरं विहिरीला लागली की गावाचं पाणी नासणार. तवा घोलप म्हणालं, उद्या सकाळी या आन् डोळ्यांनी बगा. सिदूची मेंढरं कशी पित्यात ते बगा, मग सही करा. वही घेऊनच येणार हायत.”

“मग बगू दे की,” तात्या हसले. “तुजी मेंढरं बगायला तर लोक चहा घेऊन येत्यात.”

वाघरीत सिदूच्या मेंढ्या ओरडू लागल्या होत्या. त्यांचे ओरडणे मला इतर सगळ्या आवाजांतून वेगळे ऐकू येत होते. सिदूनेही मान वर केली.

“आज का वरडत्यात ह्या?”

“झळ लागली असंल,” मी म्हणालो. “टेकडीवर सावली न्हाय.”

तेव्हा सांगता आले असते. अजून उजेड होता. घोलपांकडे जाऊन इंजिन लावायला सांगता आले असते. पाणी कमी असते, पण साठ मेंढ्यांची जीभ ओली झाली असती. निदान एवढे म्हणता आले असते की उद्या माझे खांड आधी सोडू, सिदूचे मागून. मी ठकूने वाढलेली भाकरी खाल्ली. सिदूने पलीकडच्या चुलीवरून हाक मारली, “मायादा, उद्या सही करताना तू म्होरं उभा ऱ्हा हं. तुला वाचता येतंय.” मी दुसरी इयत्ता शिकलो होतो, वाड्यात तेवढे वाचणारा मी एकटाच. त्या हाकेनंतर तर मी मुळीच उठलो नसतो. माझ्यासाठी त्याने राखलेली ती जागा मला भिकेसारखी वाटली.

सकाळी निंबाखाली बाज टाकलेली होती. तीवर सरपंच आणि दोन पंच बसले होते. सरपंचांच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली वही होती. विहिरीच्या दुसऱ्या काठावर शेवंताक्का आणि दोन-तीन बायका हंडे भरून बाजूला झाल्या होत्या. विहिरीच्या इंजिनाकडच्या अंगाचा काठ मागच्या साली ढासळला होता. तिथे घोलपांनी बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या.

सिदूने आपले खांड कुंपणाबाहेर उभे केले. मेंढ्यांची तोंडे उघडी होती. तो त्यांच्यामधून फिरत एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होता.

“आज बेचैन हायत,” तो मला हळूच म्हणाला.

“माणसं बगून बुजल्यात,” मी म्हणालो.

घोलपांनी हँडल फिरवले. इंजिन एकदा खोकले आणि बंद पडले. डोण कोरडीच होती. पण त्या खोकण्याचा अर्थ मेंढ्यांना ठाऊक होता. इंजिन म्हणजे पाणी. चांदीने मान वर करून वास घेतला. सिदूने टाळ्याला जीभ लावली. एकदा, दोनदा. ती थांबली नाही. कुंपण मोडून ती आत आली, कोरड्या डोणीवरून उडी मारून पुढे गेली, आणि पाण्याचा वास जिथून येत होता तिकडे, ढासळलेल्या काठावरच्या बाभळीच्या फांद्यांवर चढली. तिथे ती क्षणभर थांबली. तिला खाली पाणी दिसले असावे, आणि खोलीही. पण मागून एकोणसाठ मेंढ्यांची तहान रेटा देत होती.

चांदी गेली. मेंढी म्होरकीच्या मागे जाते. दुसरी गेली, तिसरी गेली. सिदू आडवा पडला, त्याच्या अंगावरून गेल्या. मी धावलो, तात्या काठी टाकून धावले, घोलप इंजिन सोडून आले. आम्ही माणसांची भिंत करेपर्यंत सतरा मेंढ्या विहिरीत पडल्या होत्या.

सिदू इंजिनाच्या पाइपाला धरून खाली उतरला. दोर कमरेला बांधून मी त्याच्या मागे उतरलो. खाली पाणी छातीइतके होते आणि त्याचा रंग बदललेला होता. जिवंत मेंढ्या आमच्या खांद्यांवर चढू पाहत होत्या आणि त्याही स्थितीत पाणी पीत होत्या. आम्ही दोरात एकेक अडकवून वर पाठवली. सहा जिवंत निघाल्या. चांदीची मान मोडली होती. सिदूने तिला शेवटी बांधले, आणि दोर वर जाऊ लागला तेव्हा तिचे कपाळ हाताने धरून ठेवले, ते भिंतीवर आपटू नये म्हणून.

वर आलो तेव्हा सरपंचांनी वही पुन्हा लाल कापडात गुंडाळली होती.

“लिहायचं राहिलं ते बरं झालं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “घोलप, विहीर उपसावी लागेल. आठ-दहा दिवस तरी गावाला हे पाणी पिता येणार नाही. तोवर आळीनं काय करायचं, ते सांगा मला.”

ज्ञानू घोलपांनी इंजिनाचे हँडल काढून घेतले. शेवंताक्काने आपला भरलेला हंडा पदराने झाकला, जणू आम्ही त्यात बघू नये. मग सिदूकडे पाहून म्हणाली, “दादा, काल सासूबाईंना मी म्हणाले होते, हा माणूस पाणी मागतो तर द्यावंसं वाटतं.” एवढे बोलून ती हंडा उचलून निघून गेली.

दुपारपर्यंत आम्ही हिवरमाळ सोडायचे, असे ठरले. विहीर उपसायला आम्ही थांबतो, असे सिदू म्हणाला. सरपंचांनी नको म्हटले.

बिऱ्हाडावर आल्यावर तात्या वाचलेल्या मेंढ्यांपाशी बसले. त्यांनी एकीचे तोंड उघडले, ओठ उलटा केला, बोट लावून ते आपल्या जिभेला नेले. तीस वर्षांच्या कारभाऱ्याला दुसरे काही करावे लागले नाही.

“ह्यांनी मीठ खाल्लंय,” ते म्हणाले. “मीठ कुणी चारलं?”

ठकू माझ्याकडे पाहत होती की माझ्या मागच्या घोड्याकडे, मला कळले नाही. माझे तोंड उघडले होते. त्यातून काय निघाले असते हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. सिदू ओल्या कपड्यांनिशी उठला आणि आपल्या घोड्यापाशी गेला. पोत्यापुढे उकिडवा बसला. त्याने पोत्याच्या तोंडाला हात लावला, आणि तिथे तो जरा जास्त वेळ बसून राहिला. मग परत आला.

“म्या चारलं, तात्या,” तो म्हणाला.

“तू?”

“काल गावात जायच्या आधी. म्हटलं, पंच येतील, मेंढरं तेजदार दिसावीत. चुकलं.”

“पाणी न्हाय ते ठावं असताना?”

“चुकलं.”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांना ते खरे वाटले नसावे, असे मला आता वाटते. पण पोते ज्याच्याकडे, मिठाचे उत्तर त्याचे. आणि पाणी ज्याने मागितले, पाण्याचे उत्तरही त्याचेच. दोन्ही वाटा सिदूपाशीच येत होत्या.

“पोतं मायाकडं दे,” तात्या म्हणाले.

सिदू पोते घेऊन माझ्याकडे आला. ते माझ्या घोड्याच्या पाठीवर चढवताना त्याने पोत्याचे तोंड माझ्या बाजूला वळवले. सुतळीची गाठ उलट्या अंगाने बसलेली होती.

“जशी व्हती तशीच हाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “म्या सोडली न्हाय.”

मग तो एकोणपन्नास मेंढ्यांचे खांड वळवायला गेला. त्यांना आता म्होरकी नव्हती, आणि त्या चारी दिशांना तोंडे करून उभ्या होत्या.

पुढच्या दोन गावांनी आम्हाला पाणी दिले नाही. हिवरमाळची बातमी आमच्या पुढे चालत होती. माझी नऊ कोकरे वाटेत गेली, सोमामामांची चार. पाचव्या दिवशी ओढ्याकाठी एक वीटभट्टी लागली. तिच्या मालकाचा मोठा हौद होता. तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काठी बिऱ्हाडावर ठेवली, वहाणा काढल्या, घोंगडीची घडी केली आणि त्या माणसासमोर जमिनीवर जाऊन बसलो. तो बोलेपर्यंत बोललो नाही. फार वेळाने त्याने विचारले, “मेंढरं किती?” आणि मग हौदाकडे हात केला.

तो मिठाचा दिवस होता. चारही खांडे हौदापासून थोड्या अंतरावर उभी राहिली.

“कारभारी,” तात्या म्हणाले, “मीठ काढा.”

तोवर ते मला नेहमी माया म्हणत आले होते. मी पोत्यापाशी बसलो. वाड्यातली सगळी माणसे बघत होती. दुसरा कोणताही मार्ग नव्हता. डाव्या हाताने मी एक हिसका दिला आणि गाठ सुटली.

तात्या माझ्या हाताकडे बघत होते. सुतळीकडे बघितले, पुन्हा हाताकडे. त्यांनी पटका सावरला.

“पहिलं पाणी कारभाऱ्याचं,” ते म्हणाले आणि दुसरीकडे वळले.

माझ्या मेंढ्या हौदाला लागल्या. निवळ, तळ दिसणारे पाणी त्यांना त्या साली प्रथमच मिळत होते. कोकरे ओठ बुडवून पीत होती. ठकू हसत होती. मी मागे वळून पाहिले. रांगेच्या शेवटी, जिथे मी रोज उभा राहायचो तिथे, सिदू आपल्या मेंढ्या घेऊन उभा होता. त्याच्या टाळ्याच्या आवाजावर एक काळी, लहानखुरी मेंढी पुढे येऊन थांबायला शिकत होती.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्या डोळ्यांत हेवा शोधला. तो सापडला असता तर मी त्याच्यापाशी गेलो असतो.